पान आधी सर्व्हर वाचतो, मग ब्राउझर: पीएचपी मिसळून वेबपान कसं बांधायचं

“ताई, पुस्तकांची नावं गायब झालीत. पानावर नुसतं शून्य, प्रश्नचिन्ह, मग ‘उपलब्ध’, कोलन, ‘बाहेर’ असं काहीतरी छापून आलंय.”

एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. आता ते एका तरुण मुलीने हाती घेतलंय आणि अडलं की ती मला फोन करते. त्यामुळे मला कोड तोंडाने सांगायची सवय लागली आहे. खाली जो कोड आहे तोही मी तसाच, देवनागरीत लिहिलाय. त्यातली डॉलरने सुरू होणारी नावं (व्हेरिएबल्स) आणि ‘सुरक्षित’ हे फंक्शनचं नाव फाइलमध्येही देवनागरीतच टाइप केलं तरी चालतं. पीएचपीला, म्हणजे पान पाठवणाऱ्या सर्व्हरवर चालणाऱ्या या भाषेला, नावात देवनागरी चालते, ही गंमत फार जणांना ठाऊक नसते. मात्र ‘फॉरईच’, ‘इफ’, ‘इन्क्लूड’ असे भाषेचे शब्द मी बोलते तसे लिहिलेत. ते फाइलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे.

तर तिच्या पानावर काय झालं होतं? फाइलमध्ये ही ओळ होती:

<?= $पुस्तक['प्रती'] > 0 ? 'उपलब्ध' : 'बाहेर' ?>

आणि पानावर दिसत होतं:

0 ? 'उपलब्ध' : 'बाहेर' ?>

मी तिला विचारलं, “फाइलच्या नावाचं शेपूट काय आहे?” ते एचटीएमएल होतं. जुनं साधं पान होतं, त्यातच तिने कोड घातला आणि शेपूट बदलून ‘पीएचपी’ करायचं राहिलं. सर्व्हरने शेपूट पाहिलं, ‘हे माझ्या कामाचं नाही’ म्हणाला आणि फाइल जशीच्या तशी पुढे ढकलली. ब्राउझरला पीएचपी कळत नाही. त्याला ‘लेस दॅन’ आणि लगेच प्रश्नचिन्ह दिसलं की ती एक बिघडलेली कॉमेंट, म्हणजे पानावर न दाखवायची टीप, आहे असं तो धरतो आणि पुढचं ‘ग्रेटर दॅन’ चिन्ह येईपर्यंत सगळं गिळतो. तिच्या ओळीतलं पहिलं ‘ग्रेटर दॅन’ कुठे आहे? तुलनेचंच! कॉमेंट तिथे संपली आणि उरलेलं शेपूट पानावर सांडलं. पुस्तकाचं नाव छापणाऱ्या ओळीत तुलना नव्हती, म्हणून ती आख्खी गिळली गेली.

हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की निम्मं काम झालं. पान दोनदा वाचलं जातं. पहिला वाचक सर्व्हर. तो फक्त <?= आणि ?> अशा दोन खुणांच्या मधलं वाचतो, चालवतो, त्याचं उत्तर त्याच जागी ठेवतो, आणि खुणांबाहेरच्या मजकुराकडे ढुंकूनही न पाहता तो पुढे देतो. दुसरा वाचक ब्राउझर. त्याच्या हाती येतं तेव्हा पीएचपीचा मागमूसही उरलेला नसतो. नवशिक्यांच्या ज्या चुका मी पाहिल्या, आणि माझ्या स्वतःच्याही, त्यातल्या बहुतेक या दोन वाचकांची गल्लत झाल्याने घडलेल्या. म्हणून काही बिघडलं की आधी ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू सोर्स’ उघडा. तिथे खुणा जशाच्या तशा दिसल्या तर पहिल्या वाचकाने पान वाचलेलंच नाही. मग कोडमध्ये चूक शोधत बसण्यात अर्थ नाही.

हातात काय लागतं

पीएचपी बसवलेलं एक मशीन आणि साधा टेक्स्ट एडिटर. सुरुवातीला अपाचे, इंजिनएक्स अशा मोठ्या सर्व्हर-प्रोग्रॅमच्या मागे लागू नका. 2012 साली आलेल्या 5.4 आवृत्तीपासून पीएचपीच्या पोटातच एक छोटा सर्व्हर आहे. टर्मिनलमध्ये तुमच्या फोल्डरात जाऊन ‘पीएचपी’, स्पेस, वजा-एस, स्पेस, ‘लोकलहोस्ट’, कोलन, 8000 असं टाइप करायचं. यातला एस मोठ्या लिपीतला हवा. लहान एस म्हणजे ‘या फाइलचा कोड रंगीत करून दाखव’ असा अगदी वेगळा हुकूम होतो. मग ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत लोकलहोस्ट, कोलन, 8000 लिहून पान उघडा. फाइलवर डबल-क्लिक करून कधीही उघडू नका, कारण मग मध्ये सर्व्हर येतच नाही. हा छोटा सर्व्हर फक्त घरच्या सरावासाठी आहे, खऱ्या संकेतस्थळाला तो लावायचा नाही.

आधी कोरडं पान, मग भोकं

माझी पद्धत अशी: आधी पूर्ण पान साध्या एचटीएमएलमध्ये लिहायचं. खोटी नावं, खोटे आकडे, तीन-चार पुस्तकांच्या ओळी. ब्राउझरमध्ये ते नीट दिसेपर्यंत पीएचपीला हात लावायचा नाही. मग जिथे जिथे मजकूर बदलणार आहे तिथे भोक पाडायचं आणि त्यात खूण बसवायची. उलट केलं, म्हणजे कोड आधी आणि पान नंतर, की कोट, टॅग आणि डॉलर यांचा असा गुंता होतो की सोडवताना डोकं उठतं.

खरं तर पीएचपीची वाढच या भोकांच्या कल्पनेवर झाली आहे. त्याआधी सर्व्हरवर चालणारे सीजीआय प्रोग्रॅम असायचे. त्यात पानाची एकेक ओळ कोडमधून छापावी लागे. पान कोडच्या पोटात असायचं. रास्मुस लेरडॉर्फ यांनी 1994 मध्ये स्वतःच्या पानासाठी काही साधनं लिहिली आणि 1995 मध्ये ती ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावाने खुली केली. पुढे ती वाढत गेली आणि कोड पानाच्या पोटात आला. मायक्रोसॉफ्टचं एएसपी, जावावाल्यांचं जेएसपी हीसुद्धा त्याच वळणाची. त्यामुळे इथे शिकलेलं तिकडे वाया जात नाही, फक्त खुणा बदलतात.

पहिलं भोक शीर्षकाचं. फाइलच्या अगदी वर:

<?पीएचपी
$शीर्षक = 'नवीन आलेली पुस्तकं';
?>

आणि खाली, शीर्षकाच्या टॅगच्या आत:

<?= $शीर्षक ?>

ही दुसरी, बरोबरचं चिन्ह असलेली खूण म्हणजे ‘याचं उत्तर इथे छाप’. 5.4 पासून ती कुठल्याही सेटिंगशिवाय सगळीकडे चालते. नुसतं ‘लेस दॅन प्रश्नचिन्ह’ असलेली आखूड खूण मात्र सर्व्हरच्या सेटिंगवर अवलंबून असते. ती वापरू नका. एका सर्व्हरवर चालते, दुसऱ्यावर हलवलं की आख्खा कोड लोकांसमोर उघडा पडतो.

देवनागरी नावांबद्दल एक सावधगिरी. शिकायला ती छान आहेत, पण चार जणांच्या कामात मी ती टाळते. कारण ‘दुसऱ्या’सारखा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड त्यासाठी वेगळा ऱ देतो, कुणाचा साधा र घेऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पीएचपीला दोन वेगळी व्हेरिएबल्स. मग ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ अशी तक्रार येते आणि तुम्ही त्या ओळीकडे बघत बसता.

आता यादी. पुस्तकं सध्या हातानेच वर लिहून ठेवा, डेटाबेस नंतर:

$पुस्तके = [
  ['नाव' => 'पहिलं पुस्तक', 'प्रती' => 2],
  ['नाव' => 'दुसरं पुस्तक', 'प्रती' => 0],
];

पानात जी एक ओळ नमुना म्हणून ठेवली होती, तिच्या वर आणि खाली फेरा (लूप) बांधायचा:

<?पीएचपी फॉरईच ($पुस्तके ॲज $पुस्तक): ?>
  <?= $पुस्तक['नाव'] ?> : <?= $पुस्तक['प्रती'] > 0 ? 'उपलब्ध' : 'बाहेर' ?>
<?पीएचपी एंडफॉरईच; ?>

महिरपी कंस न घालता कोलन आणि शेवटी ‘एंडफॉरईच’ हा प्रकार मी मुद्दाम सांगते. पानाच्या मध्ये एकटा बंद होणारा कंस दिसला तर तो ‘इफ’चा की फेऱ्याचा, हे दहा टॅगांनंतर कुणालाच आठवत नाही. ‘एंडफॉरईच’ लिहिलं असलं की प्रश्नच मिटला.

प्रश्नचिन्ह-कोलनच्या ओळीत मी एकदा सपशेल आपटले आहे. मला पुढे ‘स्थिती’ हा शब्दही छापायचा होता, म्हणून लिहिलं:

<?= 'स्थिती: ' . $पुस्तक['प्रती'] > 0 ? 'उपलब्ध' : 'बाहेर' ?>

माझ्या मशीनवर पीएचपी 7 होतं. तिथे सगळी पुस्तकं ‘बाहेर’. सर्व्हरवर 8 होतं. तिथे सगळी ‘उपलब्ध’. तासभर मी डेटाबेसला शिव्या घातल्या. खरी खूण डोळ्यांसमोरच होती: दोन्हीकडे ‘स्थिती’ हा शब्द छापलाच जात नव्हता. जोडणारा टिंब तुलनेच्या आधी चालतो. म्हणजे आधी ‘स्थिती: 2’ अशी मजकुराची एक पट्टी (स्ट्रिंग) तयार होते आणि मग तिची शून्याशी तुलना होते. पीएचपी 7 त्या पट्टीचा आकडा करायला जातं, तो शून्य निघतो, आणि शून्य शून्यापेक्षा मोठं नाही. पीएचपी 8 उलट शून्याचीच पट्टी करून अक्षरांची तुलना करतं, आणि ‘स’ हा ‘0’च्या पुढचा ठरतो. उपाय दोन कंसांचा: प्रश्नचिन्हाचा सगळा भाग कंसात घाला. नाहीतर ‘स्थिती’ हा शब्द खुणेच्या बाहेरच लिहा, तिथे तो पहिल्या वाचकाच्या तावडीत सापडतच नाही. मी आता दुसराच मार्ग घेते.

नवी ओळ कुठे जाते

हे छोटं आहे, पण छळतं. बंद करणाऱ्या खुणेच्या लगेच पुढे ओळ संपत असेल तर ती एक नवी ओळ पीएचपी खाऊन टाकतं. म्हणून वाचकाचं नाव एका ओळीत आणि आडनाव पुढच्या ओळीत छापलंत, तर दोन्ही चिकटून येतात. साध्या एचटीएमएलमध्ये ओळ तुटली की ब्राउझर मोकळी जागा दाखवतो, त्यामुळे ‘इथे का नाही’ असं वाटतं. पण ती तुटलेली ओळ दुसऱ्या वाचकापर्यंत पोचलेलीच नसते. दोन्ही खुणा एकाच ओळीत, मध्ये जागा सोडून लिहा.

दुसऱ्या वाचकाला फसू देऊ नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. आत्तापर्यंत पुस्तकांची नावं आपण स्वतः लिहिली होती. उद्या ती फॉर्ममधून येतील, कुणीही लिहिलेली. त्यात कुणी एचटीएमएलचा टॅग लिहिला, तर पहिल्या वाचकाला तो साधा मजकूर वाटेल आणि तो पुढे देईल. दुसऱ्याला मात्र तो टॅगच वाटेल. कुणी स्क्रिप्टचा टॅग लिहिला, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये ती स्क्रिप्ट चालेल.

मी सुरुवातीला ‘करून बघू’ म्हणून नावाच्या रकान्यात <गंमत> असं लिहून पाहिलं होतं. ते पानावर जसंच्या तसं दिसलं, आणि मी निर्धास्त झाले. चुकीचा निष्कर्ष! ब्राउझरच्या नियमाप्रमाणे टॅगचं नाव रोमन अक्षराने सुरू व्हावं लागतं, म्हणून देवनागरीतला टॅग त्याला टॅग वाटलाच नाही. रोमन बी लिहिला असता तर खालचं सगळं पान ठळक झालं असतं. चाचणी घ्यायची तर रोमन अक्षरातच घ्या.

यावरचं फंक्शन म्हणजे ‘एचटीएमएल-स्पेशल-चार्स’. ते ‘लेस दॅन’, ‘ग्रेटर दॅन’, अँपरसँड आणि कोट यांच्या जागी त्यांची निरुपद्रवी रूपं ठेवतं. नाव लांबलचक, म्हणून माणूस आळस करतो. मी वरच एक छोटं फंक्शन बांधून ठेवते, ज्याच्या आत तेवढीच एक हाक असते, आणि त्याला नाव देते ‘सुरक्षित’. मग पानात:

<?= सुरक्षित($पुस्तक['नाव']) ?>

नियम असा की खुणेत बरोबरचं चिन्ह दिसलं की त्यापुढे ‘सुरक्षित’ दिसलंच पाहिजे. नसेल तर का नाही, हे सांगता आलं पाहिजे. ‘हे नाव आम्हीच टाकतो’ हे कारण मी ऐकून घेत नाही. आज तुम्ही टाकता, सहा महिन्यांनी कुणीतरी फॉर्म बांधतो.

आणखी तीन गोष्टी याच संदर्भात. टॅगच्या गुणधर्मात किंमत छापताना ती नेहमी कोटांच्या आत ठेवा, नाहीतर ‘सुरक्षित’ करूनही भगदाड उरतं. 8.1 च्या आधीच्या पीएचपीत हे फंक्शन आपणहून एकेरी कोटाला हात लावत नसे, म्हणून जुन्या सर्व्हरवर दुहेरी कोटच वापरा किंवा ‘ईएनटी-कोट्स’ हा पर्याय लिहून द्या. आणि जावास्क्रिप्टच्या आत किंमत पोचवायची असेल तर हे फंक्शन उपयोगाचं नाही, कारण तिथले नियम वेगळे. तिथे ‘जेसन-एन्कोड’ वापरायचं. ते मराठी अक्षरांच्या जागी सांकेतिक आकडे छापतं. सोर्समध्ये ते पाहून दचकू नका, ब्राउझर ते बरोबर उलगडतो.

हे सगळं छापताना करायचं, साठवताना नाही. डेटाबेसमध्येच रूप बदलून ठेवलंत तर छापताना ते पुन्हा बदलतं आणि वाचकाला अँपरसँडच्या मागे ‘एएमपी’ आणि अर्धविराम लटकलेला दिसतो. एका जुन्या संचात असं तिहेरी बदललेलं नाव मी पाहिलंय.

लांब नावांची काटछाट

पुस्तकाचं नाव फार लांब असेल तर ते कापून पुढे तीन टिंबं द्यायची, एवढंच मला करायचं होतं. ‘सबस्टर’ हे मजकूर कापणारं फंक्शन लावलं, तीस आकडा दिला. पानावर काही नावं पूर्णच नाहीशी झाली. अर्धी नव्हे, आख्खी. आणि गंमत म्हणजे छोटी नावं जागच्या जागी.

‘सबस्टर’ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि काना-मात्रा-हलन्त ही वेगळी चिन्हं. ‘पुस्तक’ म्हणजे प, उकार, स, हलन्त, त, क. सहा चिन्हं, अठरा बाइट. नाव निव्वळ देवनागरी असतं तर तीसवर कापलं तरी बरोबर दहा चिन्हं राहिली असती. पण मध्ये एक स्पेस आला की तो एकाच बाइटचा, आणि गणित सरकतं. मग कात्री एखाद्या चिन्हाच्या मधोमध चालते आणि शेवटी मोडका तुकडा उरतो. जुनं ‘एचटीएमएल-स्पेशल-चार्स’ असा मोडका तुकडा पाहिला की सगळी पट्टीच रिकामी करून परत देई. 8.1 पासून त्या तुकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकट येतो, तेवढं सुधारलंय.

‘एमबी-सबस्टर’ चिन्हं मोजतं, त्यामुळे मोडका तुकडा येत नाही. पण ‘पुस्तक’ चार चिन्हांवर कापलं तर ‘पुस्’ उरतं, हलन्त लोंबकळलेला. मराठी वाचणाऱ्याला ते खुपतं. मी आता ‘एमबी-सबस्टर’ने कापते आणि मग मागे येत शेवटचा स्पेस शोधून तिथे थांबते. शब्द पुरा राहतो, नाव थोडं आखूड होतं. तक्रार कुणीच केली नाही.

फॉर्म, आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’

शोधाचा फॉर्म गेट पद्धतीने पाठवा. मग शोधलेला शब्द पत्त्यात दिसतो आणि तो पत्ता कुणाला पाठवता येतो. काही बदलणारा फॉर्म, म्हणजे नोंद करणारा किंवा खोडणारा, पोस्टने. पान पहिल्यांदा उघडतं तेव्हा शोधाचा शब्द आलेलाच नसतो, म्हणून वरच तो एका व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवताना दोन प्रश्नचिन्हांनी पर्याय द्यायचा. छापतानाही तसंच करता येतं:

<?= सुरक्षित($शोध ?? '') ?>

म्हणजे ‘शोध असेल तर तो, नसेल तर रिकामं’. हे 7 पासून आहे.

पोस्टने नोंद झाल्यावर त्याच पानावर ‘धन्यवाद’ छापून थांबू नका. वाचकाने पान रीफ्रेश केलं की ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवायला निघतो आणि एकाच पुस्तकाची दोनदा नोंद होते. नोंद झाली की ‘हेडर’ फंक्शनने दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचं आणि पुढच्याच ओळीत ‘एक्झिट’. ‘एक्झिट’ विसरलात तर ब्राउझर निघून गेला तरी सर्व्हर खालचा कोड चालवतच राहतो.

इथे जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही एरर भेटते. हेडर म्हणजे पाकिटावरचा पत्ता, आणि तो आतल्या पत्राच्या आधी जावा लागतो. पानाचं एक अक्षर जरी बाहेर पडलं तरी पाकीट बंद झालं, आता पत्ता बदलता येत नाही. एररमध्ये ‘आउटपुट स्टार्टेड ॲट’ असं म्हणून फाइल आणि ओळ दिलेली असते. लोक ते न वाचता ‘हेडर’च्या ओळीकडे बघत बसतात. बघायची असते ती ‘स्टार्टेड ॲट’पुढे दिलेली ओळ. तिथे बहुधा उघडणाऱ्या खुणेच्या आधी एक रिकामी जागा सापडते, किंवा कुठल्यातरी जोडलेल्या फाइलच्या शेवटी, बंद खुणेनंतर दोन-तीन रिकाम्या ओळी. म्हणून निव्वळ कोडच्या फाइलमध्ये शेवटची बंद खूण लिहायचीच नाही. ती नसली तरी चालतं, आणि नसलेलीच बरी.

ओळ पहिली सांगितली आहे आणि तिथे काहीच दिसत नाही, असं असेल तर ते बीओएम आहे. काही एडिटर यूटीएफ-8 फाइलच्या सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट घालतात. ‘विदाउट बीओएम’ असं निवडून फाइल पुन्हा साठवा. “माझ्याकडे तर चालत होतं” याचंही उत्तर इथेच आहे: काही मशीनवर ‘आउटपुट बफरिंग’ 4096 बाइटांवर लावलेलं असतं. तेवढं पान साठेपर्यंत पाकीट उघडं राहतं आणि चूक झाकली जाते.

म्हणूनच माझ्या प्रत्येक फाइलची मांडणी एकच. वरच्या अर्ध्यात सगळा विचार: फॉर्म आला का, डेटाबेसला काय विचारायचं, कुठे पाठवायचं. तिथे एक अक्षरही छापायचं नाही. खालच्या अर्ध्यात पान आणि भोकं, तिथे विचार करायचा नाही. फेरा, ‘इफ’ आणि छपाई, एवढंच. डेटाबेसची चौकशी टेबलाच्या मधोमध लिहिलेली फाइल माझ्याकडे आली की मी आधी ती वर उचलते, मगच बाकीचं बघते.

डेटाबेस

थोडक्यात सांगते. पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी बोलायची पीएचपीची नवी पद्धत, वापरा. जुनी ‘मायएसक्यूएल-’ने सुरू होणारी फंक्शन्स 7.0 मध्ये काढून टाकली. ती शिकवणारं काही सापडलं तर ते शिळं आहे असं समजा. चौकशीच्या वाक्यात व्हेरिएबल कधीही जोडू नका. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ‘प्रिपेअर’ करा आणि किंमत ‘एक्झिक्यूट’ला द्या. इथेही तीच गल्लत असते, फक्त वाचक तिसरा: वाक्य कुठलं आणि मजकूर कुठला हे डेटाबेसला वेगवेगळं कळलं पाहिजे.

जोडणी करतानाच कॅरसेट, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने जातील ते, ‘यूटीएफ-8-एमबी-4’ लिहा. मराठी अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं आली तर बहुतेक वेळा तिथेच गफलत असते. मायएसक्यूएलचा नुसता जुना ‘यूटीएफ-8’ तीन बाइटांपर्यंतच जातो. मराठीला तो पुरतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग कुणीतरी अभिप्रायात इमोजी टाकतो, तो चार बाइटांचा, आणि नोंद अडते.

सर्व्हरवर चढवण्याआधी

वरची पट्टी आणि तळाची पट्टी वेगळ्या फाइलांत काढून ‘इन्क्लूड’ करा. कुठली फाइल जोडायची ते पत्त्यातून आलेल्या शब्दावर ठरवू नका, तो सरळ चोराला दिलेला दरवाजा आहे. खऱ्या सर्व्हरवर ‘डिस्प्ले एरर्स’ बंद आणि लॉग चालू. मग चूक झाली की पान पांढरं फटक येतं. घाबरायचं नाही, लॉगची शेवटची ओळ वाचायची. चढवण्याआधी प्रत्येक फाइल ‘पीएचपी वजा-एल’ने तपासली तर विसरलेला अर्धविराम घरीच सापडतो.

आणि तिने मला परवा जे विचारलं तेही सांगते: “ताई, बदल करण्याआधी जुन्या फाइलची प्रत सर्व्हरवरच ठेवली तर?” नावापुढे ‘बॅक’ किंवा ‘ओल्ड’ असं शेपूट लावून बरेच जण ठेवतात. पण शेपूट बदललं की पहिला वाचक ती फाइल वाचत नाही. पत्त्यात ते नाव लिहिणाऱ्याला आख्खा कोड मिळतो, डेटाबेसच्या पासवर्डासकट. तिला म्हटलं, प्रती घरच्या मशीनवर ठेव, पासवर्डाची फाइल वेबच्या फोल्डरच्या एक पायरी वर ने, आणि मग ब्राउझरमध्ये त्या फाइलचा पत्ता स्वतः लिहून बघ. तिने फोन चालू ठेवूनच लिहिला. “‘नॉट फाउंड’ येतंय,” म्हणाली. मग आम्ही शोधाच्या फॉर्मकडे वळलो.